मनोव्यथेची मराठी नावे आणि साहाय्याचे मार्ग

१. प्रश्नाचे स्वरूप

घरातील एखाद्या माणसाला ताप आला असता 'ह्याला ताप आहे' हे एक वाक्य डॉक्टरच्या दारात पुरेसे होते. ते उच्चारताना कोणाला संकोच वाटत नाही व ऐकणाराच्या मनात त्या माणसाविषयी वेगळा ग्रह उत्पन्न होत नाही. मनाच्या दुखण्याची गोष्ट तशी नाही. तेथे पहिले वाक्य कोणते उच्चारावे, ह्या प्रश्नापाशीच बहुतेकांचे पाऊल अडखळते आणि अनेकांच्या बाबतीत ते वाक्य अखेरपर्यंत उच्चारलेच जात नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत पाहणी केली. तिच्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक पाहणीच्या वेळी कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने पीडित असल्याचे आढळले. आणि विकाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के पीडितांना कोणताही उपचार मिळत नसल्याचेही त्याच पाहणीत दिसून आले. महाराष्ट्र ह्या १२ राज्यांत नव्हता. तथापि येथील चित्र फार निराळे असेल असे मानण्यास काही आधार नाही.

उपचारांच्या ह्या अभावाची कारणे अनेक आहेत. डॉक्टरांची वाण, खर्च, अंतर ही त्यांपैकी उघड होत. परंतु एक कारण भाषेचे आहे व त्याचा विचार क्वचितच होतो. दुःख घरात ज्या शब्दांनी बोलले जाते आणि साहाय्य देणारी संस्था ज्या शब्दांनी ते ओळखते, त्या दोहोंमध्ये मराठीत दीर्घकाळ मोठी दरी राहिली. ती दरी कशी निर्माण झाली व गेल्या शंभर वर्षांत ती कोणत्या मार्गांनी थोडीफार भरून आली, ह्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

येथे मुख्यतः सामान्य मनोविकारांचा विचार केला आहे. दीर्घकाळ टिकणारी खिन्नता, अकारण चिंता, एकाएकी उसळणारे भय, एकच विचार वा कृती पुनःपुन्हा करावयास लावणारा मंत्रचळ, आणि शारीरिक कारण न सापडणाऱ्या शारीरिक तक्रारी ह्यांचा त्यांत समावेश होतो. हे विकार असलेला मनुष्य बहुधा कामावर जातो, स्वयंपाक करतो, लोकांशी बोलतो. त्यामुळे त्याचे दुखणे दुखणे म्हणून कोणाच्या नजरेस येत नाही.

२. घरातील शब्द

मराठीच्या घरगुती बोलीत मनोव्यथेसाठी शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. जिवाला घोर लागणे, जीव टांगणीला लागणे, हुरहूर लागणे, धसका घेणे, हाय खाणे, मन खाणे, कशातच जीव न रमणे, अन्न गोड न लागणे, जीव नकोसा होणे ही केवळ थोडी उदाहरणे. ह्यांच्या अर्थच्छटा एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या आहेत. 'घोर' पुढे काय होईल ह्याचा असतो. 'धसका' घडून गेलेल्या किंवा घडेल असे वाटणाऱ्या आघाताचा असतो. 'हाय' खाल्ली म्हणजे त्या आघाताने माणूस खचला. 'हुरहूर' लागते ती नेमके काय उणे आहे हे सांगता येत नाही तेव्हा. आणि 'मन खाते' ते अपराधाच्या जाणिवेने. चिंता, आघाताचा परिणाम, खिन्नता आणि अपराधभावना ह्यांत आधुनिक मनोवैद्यक जो भेद करते, तो तंतोतंत नव्हे तरी स्थूलमानाने ह्या बोलीला ठाऊक होता.

ह्या शब्दसंपत्तीची तीन वैशिष्ट्ये लक्षात घेण्याजोगी आहेत. पहिले असे की तिच्यात मन आणि शरीर ह्यांची फारकत नाही. छातीत धडधडते, पोटात गोळा उठतो, हातपाय गळतात, डोके जड होते, काळजाचे पाणी होते. 'काळजी' हा शब्दच 'काळीज' ह्या शब्दाशी जोडला जातो. साहजिकच अशा भाषेत वाढलेला मनुष्य आपले दुखणे प्रथम शरीराचे म्हणून सांगतो व प्रथम सामान्य डॉक्टरकडेच जातो. ह्यात त्याचे अज्ञान नाही. त्याच्या भाषेने दाखविलेली वाट तो चालतो एवढेच.

दुसरे वैशिष्ट्य वाक्यरचनेचे आहे. 'तिला घोर लागला', 'त्याला भीती वाटते', 'मला करमत नाही' ह्या वाक्यांत दुःख भोगणारी व्यक्ती चतुर्थी विभक्तीत येते. ती कर्ता नसते. दुःख तिच्याकडे येते, तिला लागते, तिला वाटते. 'ताप येणे', 'नजर लागणे', 'भूत लागणे' ह्यांचीही रचना हीच. जे येते ते जाऊही शकते, अशी शक्यता ह्या रचनेत गृहीत आहे. 'त्याला वेड लागले' येथपर्यंतही ती शक्यता शिल्लक असते. परंतु 'तो वेडा आहे' असे म्हटले की दुखणे हा माणसावर आलेला प्रसंग राहत नाही, तो त्या माणसाचा स्वभाव ठरतो. चतुर्थीकडून प्रथमेकडे जाण्याची ही क्रिया व्याकरणदृष्ट्या लहान असली तरी सामाजिकदृष्ट्या फार मोठी आहे.

तिसरे वैशिष्ट्य मात्र अनुकूल नाही. 'मनाला लावून घेणे', 'धसका घेणे', 'मनात कुढणे' अशा प्रयोगांत दुःखाचा कर्ता पुन्हा तो मनुष्यच होतो. 'तो फार मनाला लावून घेतो' ह्या वाक्यात सहानुभूती असली तरी दोषारोपही असतो आणि त्यापाठोपाठ 'फार विचार करू नकोस' हा उपदेश येतो. खिन्नतेने ग्रासलेल्या माणसाला विचार थांबविता येत नाहीत, हेच तर त्याचे दुखणे असते. अशा रीतीने घरातील भाषा दुःख सूक्ष्मपणे ओळखते; परंतु त्यावर उपाय म्हणून त्या माणसाच्याच निर्धाराकडे बोट दाखविते. जेथे निर्धार पुरत नाही तेथे बाहेरची बाधा, देवऋषी, गंडेदोरे ह्यांचा मार्ग उरतो. त्या मार्गाने जाणाऱ्या कुटुंबाला निदान एक लाभ निश्चित होत असे: बाधा झालेल्या माणसाला कोणी वेडा म्हणत नसे.

३. ग्रंथांतील शब्द

घरगुती बोलीशिवाय ग्रंथांची एक परंपराही मराठी भाषकांच्या मागे उभी होती. चरकसंहितेत उन्माद आणि अपस्मार ह्यांचे विवेचन आहे हे सर्वश्रुत आहे. त्याहून कमी लक्षात येणारी गोष्ट अशी की वातविकारांच्या तिच्या यादीत विषाद, निद्रानाश आणि चित्ताची अस्थिरता ह्यांचीही गणना केलेली आहे. म्हणजे ज्यास उन्माद म्हणता येणार नाही अशा मनोव्यथेला तेथे विकाराचे स्थान आहे. चरकाने चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले: दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. पहिला मंत्रविधींचा, दुसरा औषध व आहार ह्यांचा आणि तिसरा मनाला अहितकर विषयांपासून आवरण्याचा. औषधाविना मनावर मनाच्याच द्वारे उपचार करण्याची कल्पना येथे नाव घेऊन आलेली आहे. परंतु 'सत्त्वावजय' हा शब्द वैद्यकीच्या पोथीतून मराठी व्यवहारात कधी उतरला नाही.

व्यवहारात उतरली ती संतांची भाषा. रामदासांनी मनाच्या श्लोकांत २०५ श्लोक थेट मनाला उद्देशून रचिले व ते महाराष्ट्रात घरोघरी पाठ झाले. मनाशी बोलता येते, त्याला समजाविता येते, ही जाणीव त्यामुळे मराठी माणसाच्या अंगवळणी पडली. भजन, वारी, कीर्तन ह्यांनी एकट्या माणसाला समुदायाचा आधार दिला, हेही विसरून चालणार नाही. परंतु ह्याच परंपरेने काही शब्दांना असा अर्थ दिला की पुढे त्यांचा वैद्यकीय उपयोग अवघड झाला. 'उदास' आणि 'उदासीन' हे शब्द पाहावेत. गीतेच्या व संतांच्या भाषेत उदासीनता म्हणजे विषयांविषयी अलिप्तता, अर्थात एक साधलेला गुण. तोच शब्द आज एका विकाराचे नाव म्हणून वापरला जातो. संसारातून मन उडाले असे सांगणारा मनुष्य विरक्त आहे की आजारी आहे, हा प्रश्न मराठी कुटुंबात अनेकदा शब्दांच्या ह्या दुहेरी वारशामुळेच अनिर्णित राहतो.

४. कायद्यातील शब्द

इंग्रजी राज्यात मनोव्यथेला प्रथमच सरकारी नाव मिळाले आणि ते नाव एकच होते: वेड. १८५८ साली ह्या विषयावर तीन कायदे झाले; त्यांपैकी ३६ वा कायदा वेड्यांच्या आश्रयस्थानांविषयी होता. पुढे १९१२ च्या चौथ्या कायद्याने ही सर्व व्यवस्था एकत्र केली. त्या कायद्यान्वये प्रवेशाचा रूढ मार्ग म्हणजे दंडाधिकाऱ्याचा हुकूम. आणि भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्यास पकडण्याचा अधिकार पोलिसांना होता. स्वतःहून येणाऱ्या माणसाला ठेवून घेण्याची तरतूद १९१२ च्या कायद्यात असली तरी त्या व्यवस्थेचा कल वेगळा होता. पीडिताचे दुःख हलके करणे हा तिचा मुख्य विषय नव्हता. समाजाला उपद्रव होऊ नये हा होता.

ह्या कायद्यांच्या काळात आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर वेड्यांची रुग्णालये उभी राहिली. मुंबईत कुलाबा येथे असे एक रुग्णालय आधीपासूनच होते. नागपूर येथील रुग्णालय १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे, आणि ठाण्याचे, नरोत्तमदास माधवदास ह्यांच्या नावाचे, १९०१ चे. पुण्याजवळ येरवडा येथे चौथे रुग्णालय झाले. ही चार आजही राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. १९२० च्या सुमारास हिंदुस्थानात अशा संस्थांच्या इंग्रजी नावात बदल झाला. 'आश्रयस्थान' अशा अर्थाचा 'असायलम' हा शब्द जाऊन 'मेंटल हॉस्पिटल' हा शब्द आला. मराठी बोलीने मात्र हा बदल मानला नाही. लोकांच्या तोंडी 'वेड्यांचे इस्पितळ' हेच नाव राहिले. इतकेच नव्हे तर गावांची नावेही त्या अर्थाने रुळली. 'ह्याला ठाण्याला पाठवा' किंवा 'येरवड्याला पाठवा' हे थट्टेचे वाक्य प्रत्येक मराठी माणसाने ऐकलेले असते.

येथे भाषेचा एक विपरीत परिणाम दिसतो. घरगुती बोलीत 'वेड' हा शब्द अत्यंत लवचीक होता व आहे. विठ्ठलाचे वेड, नाटकाचे वेड, लाडाने म्हटलेले 'वेडा कुठला', आणि वेड पांघरून पेडगावला जाणारा धूर्त मनुष्य, असे सर्व अर्थ त्यात सुखाने नांदतात. कायद्याने त्यातील एकच अर्थ उचलला आणि त्याला भिंत, कुलूप व हुकूम जोडले. त्यामुळे घोर, धसका, हुरहूर ह्यांसाठी साहाय्य मागावयाचे तर जावयास एकच दार उरले व त्या दारावर 'वेड' हा शब्द लिहिलेला होता. ज्याला घोर लागला आहे असा कोणता शहाणा मनुष्य त्या दारातून आपण होऊन आत जाईल? त्याने जाण्याचे टाळले ह्याला भित्रेपणा म्हणता येणार नाही. शब्दाचा अर्थ त्याला बरोबर कळला होता असेच म्हणावे लागेल.

ह्या व्यवस्थेचा आवाकाही तोकडा होता. भोर समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी सुमारे १०,००० खाटा, म्हणजे साधारण ४०,००० लोकांमागे एक खाट असल्याचे नमूद केले. तीव्र विकारांनाही जी व्यवस्था पुरत नव्हती, तिच्याकडून सामान्य विकारांची दखल घेतली जाणे शक्यच नव्हते.

५. मधली दारे

बदलाचा आरंभ वेड्यांच्या रुग्णालयात झाला नाही. तो त्याच्या बाहेर झाला. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस ह्यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण मंडळ स्थापिले, आणि १९३३ साली तेथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वसाधारण रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. त्यानंतर १९३८ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात के. के. मसाणी ह्यांच्या प्रयत्नाने तसाच विभाग निघाला. ह्या घटनेचे महत्त्व खाटांच्या संख्येने मोजता येणार नाही. ज्या फाटकातून खोकल्याचा रोगी आत जातो त्याच फाटकातून झोप न येणारा मनुष्यही आत जाऊ लागला. आणि तो कशासाठी आला आहे हे शेजाऱ्याला कळण्याचे कारण उरले नाही. पुढे के. ई. एम. रुग्णालयात एन. एस. वाहिया ह्यांनी पातंजल योगाच्या आधारे चिंताग्रस्त रुग्णांसाठी उपचारपद्धती योजिली. परंपरेतील शब्द व आधुनिक चिकित्सा ह्यांना एकत्र आणण्याचा तो एक उल्लेखनीय प्रयत्न होय.

ह्याच सुमारास मुंबईत क्लिफर्ड मॅन्शार्ट ह्यांच्या पुढाकाराने १९३६ साली सर दोराबजी टाटा ह्यांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली व १९३७ साली तिच्यामार्फत बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले. 'मार्गदर्शन' हा शब्द येथे सूचक आहे. मुलाला रोगी न ठरविता त्याच्या आईबापांना साहाय्य मागता येईल अशी सोय त्या शब्दात होती.

दुसरे एक मधले दार छापील कागदाचे होते. र. धों. कर्वे ह्यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. त्यात वाचकांच्या पत्रांना ते उत्तरे देत. कामजीवनाविषयीच्या अज्ञानातून निर्माण होणारे भय व अपराधभावना हा त्या पत्रव्यवहाराचा मोठा भाग होता. ज्या गोष्टी घरात बोलता येत नव्हत्या आणि डॉक्टरलाही सांगता येत नव्हत्या, त्या लिहिता येऊ लागल्या आणि त्यांना तुच्छतेचे नव्हे तर माहितीचे उत्तर मिळू लागले. मानसोपचार हा त्या मासिकाचा घोषित उद्देश नव्हता. तथापि नाव न सांगता मन मोकळे करण्याची मराठीतील ती एक महत्त्वाची जागा होती असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात ही मधली दारे वाढत गेली. १९८६ साली पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याच्या संस्थापक डॉ. अनिता अवचट ह्या त्या मनोरुग्णालयातच काम करीत होत्या. अनिल अवचट ह्यांच्या गर्दविषयक लेखनाने विषयाला वाचा फुटली व पु. ल. देशपांडे ह्यांनी आर्थिक पाठबळ दिले. ज्या आवाराचे नाव कुलुपाची आठवण करून देत असे, त्याच आवारातील घराला मोकळ्या अंगणाचे नाव दिले गेले हा योगायोग मानता येत नाही. १९९० साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनी मानसिक आरोग्याची संस्था काढली आणि तिच्या दूरध्वनीवरील साहाय्यसेवेचे नाव 'मैत्र' असे ठेविले. जे गाव थट्टेच्या वाक्यात वेडाचे प्रतीक झाले होते, त्याच गावात मैत्रीच्या नावाने फोन घेतला जाऊ लागला. चित्रपटांनीही ह्या कामास हातभार लावला. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांचा 'देवराई' हा २००४ चा चित्रपट छिन्नमनस्कतेविषयी आहे, तर त्यांच्या 'कासव' ह्या खिन्नतेविषयीच्या चित्रपटाला २०१७ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला.

६. नव्या संज्ञा आणि त्यांच्या अडचणी

संस्था वाढल्या तशा संज्ञाही घडू लागल्या. परंतु नवी संज्ञा आपल्याबरोबर आपला जुना अर्थही घेऊन येते, ह्याचा प्रत्यय येथे पदोपदी येतो. इंग्रजी 'डिप्रेशन' ह्या संज्ञेसाठी मराठीत नैराश्य, औदासीन्य, विषाद, खिन्नता आणि अवसाद असे पाच शब्द चालतात. 'नैराश्य' म्हणजे आशा नसणे; त्यामुळे कोणती आशा भंगली असा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात लगेच उभा राहतो आणि ज्याच्या खिन्नतेला तसे कारण दिसत नाही तो खोटा ठरतो. 'औदासीन्य' शब्दाची अडचण वर सांगितलीच आहे. 'विषाद' ऐकला की अर्जुन डोळ्यांपुढे येतो व मोठा प्रसंग अपेक्षिला जातो. 'अवसाद' हा मूळच्या 'खचणे, खाली बसणे' ह्या अर्थामुळे नेमका आहे, पण बोलीत रुळलेला नाही. ह्या सर्वांच्या वर, दोन आठवडे किंवा अधिक काळ बहुतेक दिवसभर टिकणारी खिन्नता, कशातही रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, थकवा, स्वतःला कवडीमोल समजणे, आणि काहींच्या बाबतीत मरणाचे विचार, असा जो लक्षणसमूह वैद्यकाला अभिप्रेत आहे तो ह्यांपैकी कोणताच शब्द एकट्याने सांगत नाही.

'समुपदेशन' हा शब्दही असाच पाहण्यासारखा आहे. त्याच्या पोटात 'उपदेश' आहे. ज्याने घरी, शेजारी, नातलगांत उपदेशच ऐकला आहे त्याला आणखी एका उपदेशासाठी पैसे देऊन जाण्याचा उत्साह कसा वाटावा? वस्तुतः समुपदेशकाचे पहिले काम ऐकण्याचे असते. पीडिताच्या विचारांची व दिनक्रमाची गुंतागुंत त्याच्याबरोबर बसून उलगडण्याचे असते. 'मानसशास्त्रज्ञ' आणि 'मनोविकारतज्ज्ञ' ह्या दोन संज्ञांतही व्यवहारात गोंधळ होतो. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकाचा पदवीधर असून औषधे देऊ शकतो. चिकित्सक मानसशास्त्रज्ञ हा चाचण्या व संवादाद्वारे उपचार करतो, औषधे देत नाही. 'मानसोपचारतज्ज्ञ' हा शब्द दोघांनाही लावला जातो व त्यामुळे कोणाकडे जावे हेच कळेनासे होते.

ह्या अवघडलेपणातून बोलीने स्वतःच एक वाट काढली: तिने 'टेन्शन' हा शब्द आत्मसात केला. शुद्धतेच्या दृष्टीने त्यावर आक्षेप घेता येईल. पण त्याचे कार्य ध्यानात घ्यावयास हवे. तो वेड सुचवीत नाही, दोष देत नाही, विरक्तीशी त्याचा संबंध नाही आणि 'मला टेन्शन आले आहे' ह्या वाक्यात तो पुन्हा चतुर्थीच्या सुरक्षित रचनेत बसतो. सुशिक्षित व अशिक्षित, शहरी व ग्रामीण सर्वांनाच तो उच्चारता येतो. परकीय शब्द काही वेळा परकीय आहे म्हणूनच उपयोगी पडतो, कारण त्याच्यामागे घरच्या आठवणी नसतात.

७. गोवा आणि अमरावती : दोन प्रयोग

शब्दांचे हे महत्त्व केवळ तर्काने सिद्ध करण्याची आवश्यकता नाही. गेल्या काही दशकांतील कामाने ते प्रत्यक्ष दाखविले आहे. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल ह्यांनी १९९० नंतरच्या दशकात झिंबाब्वेतील हरारे येथे काम करीत असता असे पाहिले की शोना भाषेत 'अतिविचार करणे' अशा अर्थाचा 'कुफुंगिसिसा' हा शब्द लोक आपल्या व्यथेसाठी वापरतात आणि तो वैद्यकीय संज्ञेपेक्षा त्यांना जवळचा वाटतो. पुढे गोव्यात, १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगाथ' ह्या संस्थेच्या कामात हाच दृष्टिकोन उपयोगी पडला. गोव्यातील स्त्रियांच्या पाहणीत असे आढळले की अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या अनेक स्त्रियांमध्ये त्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा चिंता, खिन्नता व घरातील जाच ह्यांच्याशी अधिक होता. ज्या दुःखाला घरात नाव नव्हते ते शरीराच्या भाषेत बोलत होते.

त्यानंतर गोव्यात प्राथमिक आरोग्यकेंद्रांच्या स्तरावर एक मोठा प्रयोग झाला. वैद्यकीय पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक व्यक्तींनी रुग्णांशी बोलावे, त्यांना विकाराचे नाव चिकटविण्याऐवजी त्यांच्याच शब्दांत व्यथा समजून घ्यावी, श्वासाचे व्यायाम व अडचणी सोडविण्याच्या रीती शिकवाव्यात आणि गरज असेल तेथे डॉक्टरांनी औषध द्यावे, अशी ती योजना होती. तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत येणाऱ्या रुग्णांना तिचा स्पष्ट लाभ झाला. ह्या प्रयोगाचे कोकणी नाव 'मनशांती सुधार शोध' असे होते.

विदर्भातील अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत पुढे 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे हा प्रदेश चर्चेत होता. तेथेही गावातील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मनाच्या ताणाविषयी लोकांशी त्यांच्या भाषेत संवाद साधला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, खिन्नतेने पीडित असलेल्यांपैकी साहाय्य घेणाऱ्यांचे प्रमाण ह्या उपक्रमाच्या काळात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. पीडित तेच होते, गावे तीच होती. बदलले होते ते साहाय्याचे दार आणि त्या दाराशी बोलली जाणारी भाषा.

ह्या सर्व नावांचा एकत्रित विचार करण्यासारखा आहे. मुक्तांगण, मैत्र, मनशांती, विश्राम: ह्यांपैकी एकाही नावात रोग नाही, विकार नाही, वेड तर नाहीच. दुःखाचे नाव घेण्याऐवजी ज्याची त्या माणसाला गरज आहे त्याचे नाव ह्या संस्थांनी व उपक्रमांनी घेतले. एकमेकांपासून दूर काम करणाऱ्या लोकांना हीच युक्ती सुचावी, ह्यावरून ती गरज किती खोल होती हे दिसून येते.

८. कायद्याची भाषा बदलते

कायदाही आपली भाषा हळूहळू बदलीत आला. १९१२ च्या कायद्यातील 'वेडा' हा शब्द १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने काढून टाकिला व त्या जागी 'मानसिक रुग्ण' अशा अर्थाची संज्ञा आणिली. तो कायदा १९९३ मध्ये अमलात आला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून अमलात आहे. त्याने प्रथमच मानसिक उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क मानिला. हुकूम, परवानगी आणि हक्क अशी ही तीन कायद्यांची चढती भाषा आहे.

आत्महत्येच्या प्रयत्नाविषयीचा बदल विशेष महत्त्वाचा आहे. १८६० च्या दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमाने असा प्रयत्न हा गुन्हा ठरविला होता. 'आत्महत्या' ह्या मराठी शब्दातील 'हत्या' ह्या पदानेही गुन्ह्याचीच छाया त्यावर पडत होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली, मनोविकाराने पीडित अशा एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात हे कलम घटनाबाह्य ठरविले. तथापि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते वैध मानल्याने तो प्रश्न मागे पडला. २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमाने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावयास सांगितले आणि तिला उपचार व पुनर्वसन देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या न्यायसंहितेत ३०९ व्या कलमाची जागा रिकामी आहे. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा तेथे गुन्हा राहिला आहे. आरोपी म्हणून पाहिला जाणारा माणूस पीडित म्हणून पाहिला जाण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने 'टेलि-मानस' ही दूरध्वनीसेवा सुरू केली. १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य व मराठीतूनही बोलता येते. ज्याला कोणाला जीव नकोसा झाला आहे, किंवा ज्याच्या घरातील माणूस तसे बोलू लागला आहे, त्याने प्रथम योग्य संज्ञा शोधीत बसण्याचे काही कारण उरलेले नाही.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी ध्यानात येतात. मराठी समाजाला मनोव्यथा ओळखता येत नव्हती असे नाही; तिच्यासाठी त्याच्याजवळ समृद्ध बोली होती. परंतु साहाय्य देणाऱ्या व्यवस्थेने 'वेड' ह्या एकाच शब्दाने आपले दार ओळखविले, आणि त्या दाराबाहेर असंख्य माणसे घोर व धसका उराशी घेऊन राहिली. ज्या ज्या वेळी त्या दोहोंमध्ये एखादे मधले दार उघडले, मग ते सर्वसाधारण रुग्णालयाचे असो, मासिकाच्या पत्रोत्तरांचे असो, दूरध्वनीचे असो वा गावातील कार्यकर्त्याचे असो, त्या त्या वेळी लोक आत आले. ते मन घट्ट करून आले नाहीत; त्यांना आत येण्याजोगा शब्द मिळाला म्हणून आले.

ह्यातून परिभाषा घडविणाऱ्यांनी घ्यावयाचा बोध उघड आहे. संज्ञा शास्त्रशुद्ध असणे आवश्यक आहेच. पण ज्या माणसाला ती स्वतःविषयी उच्चारावयाची आहे त्याच्या तोंडून ती निघेल की नाही, हीही तिची एक कसोटी मानली पाहिजे. आणि डॉक्टर, शिक्षक, आप्तेष्ट ह्यांनी घ्यावयाचा बोध त्याहून साधा आहे. 'रात्री झोप लागत नाही', 'कशातच जीव रमत नाही', 'जिवाला घोर लागला आहे' ही वाक्ये म्हणजे रोगाची अपुरी वर्णने नव्हेत. साहाय्यासाठी उच्चारलेले ते पहिले वाक्य असते. ते ऐकणाऱ्याने 'फार विचार करू नकोस' ह्या उत्तराने तेथेच संपवू नये; त्या माणसाबरोबर पुढच्या दारापर्यंत चालत जावे.